डोईजड उजेड

'डोईजड' हा शब्द हल्ली आपण फक्त माणसांसाठी वापरतो. डोईजड झालेला टीम लीड, डोईजड झालेला जावई, डोईजड होत चाललेला मित्रपक्ष. पण शब्द मुळात वस्तूचा आहे. ज्याचं डोकं अंगापेक्षा जड, ते डोईजड. असली वस्तू नीट उभी असते तोवर झकास दिसते आणि जरासा धक्का लागला की आडवी.

आज अशाच एका वस्तूबद्दल लिहितोय. उंच दांड्यावर बसवलेला, इथून तिथे नेता येणारा दिवा. विहिरीच्या काठावर, रस्त्याच्या कामावर, लग्नाच्या मांडवात किंवा गॅरेजबाहेर जो हॅलोजनचा स्टँड असतो ना, तोच. तो पडू नये म्हणून त्याच्या पायात वजन टाकतात. विषय एवढाच आहे. पण या एवढ्याशा गोष्टीच्या मागे गेलो तर दोनतीनशे वर्षांचा एक हिशोब सापडला, आणि तो हिशोब फक्त किलोग्रॅमचा नाहीये.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या पलीकडे. उसाचा पट्टा. इथे रात्री कामं निघतातच. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते, त्यामुळे दारं धरायला रात्री जावं लागतं, आणि मोटर जळायची ती पण नेमकी रात्रीच. गेल्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या विहिरीवरची मोटर वर काढायची होती. काठावर सहा फुटी स्टँड, त्यावर हॅलोजन. स्टँडच्या तीन पायांच्या मधोमध युरियाची रिकामी गोणी, निम्मी मातीने भरलेली, सुतळीने दांड्याला टांगलेली. भावाला विचारलं, ही आयडिया कुठून आली? तो म्हणाला, "आयडिया कसली त्यात? वारं सुटतंय, बत्ती हिरीत जाईल की."

बाजेवर बसलेले आमचे आबा (वय वर्षं शहाऐंशी) यावर जे बोलले, त्यामुळे हा लेख झाला. ते म्हणाले, "आमच्या टायमाला गोणी न्हवती. तिथं माणूस असायचा."

तर मंडळी, आधी दिव्याचं बघू, मग माणसाचं.

घरातल्या दिव्याचा प्रश्न आपल्या लोकांनी फार पूर्वी सोडवलेला आहे. समई बघा. तेल वर, वाती वर, ज्योत वर. म्हणजे सगळा कारभार डोक्याकडे. तरी चांगली समई सहजासहजी पडत नाही, कारण तिचा तळ पसरट आणि ओतीव पितळेचा असतो. देवघरात लहान मुलं, नऊवारीचे पदर, मांजर, यांची ये-जा असते. समई ओतणाऱ्या कारागिराला गुरुत्वमध्य हा शब्द माहीत असायची गरज नव्हती, पण तळाला धातू कमी घातला तर काय होतं ते त्याला पक्कं माहीत होतं. हल्ली पोकळ तळाच्या स्वस्त समया मिळतात, त्या एकदा बोटाने ढकलून बघा, मग फरक कळेल. समईची साधी बहीण म्हणजे ठाणवई, म्हणजे दिवा ठेवायची घोडी. तिचंही तेच तत्त्व, बूड रुंद.

देवळापुढची दीपमाळ हाच विचार दगडात करते. खाली जाड, वर निमुळती. जेजुरीच्या पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंना दीपमाळा दिसतात त्या आठवा. वर कितीही पणत्या लावा, दगडाच्या त्या मनोऱ्याला फरक पडत नाही. अर्थात तो हलवायचाही नसतो.

खरी अडचण इथेच आहे. घरातला दिवा जड असला तर चालतो, कारण तो रोज उठून गावभर फिरत नाही. देवळातला दिवा हलतच नाही. पण ज्या दिव्याला हलायचंही आहे आणि उंचही राहायचं आहे, त्याचं काय? उंच का, तर दिवा खाली ठेवला की माणसांच्या सावल्याच लांब पडतात आणि काम दिसत नाही. हलवायचा म्हटला तर हलका हवा, उभा करायचा म्हटला तर जड हवा. आमच्या धंद्यात याला 'कॉन्फ्लिक्टिंग रिक्वायरमेंट्स' म्हणतात आणि त्यावर तीन मीटिंगा होतात. :-)

जुन्या काळाने मीटिंग घेतली नाही. त्यांनी दांड्याच्या खाली माणूस लावला.

मशाल, दिवटी, पलिता, हिलाल, टेंभा. मराठीत हातात धरायच्या जाळाला केवढे शब्द आहेत बघा. आणि धरणाऱ्यालाही शब्द आहेत, मशालजी आणि दिवट्या. सरदाराच्या पालखीपुढे, लग्नाच्या वरातीत, रात्रीच्या प्रवासात एका हातात पेटती मशाल आणि दुसऱ्या हातात तेलाचं भांडं घेऊन हा माणूस चालायचा, बऱ्याचदा पळायचा. चिंध्यांचा बोळा तेल पीत राहतो, म्हणून दर थोड्या वेळाने त्यावर तेल ओतावं लागायचं. खंडोबाच्या कुळाचारात दिवटी आणि बुधली ही जोडी आजही देवघरात असते. दिवटी म्हणजे जाळ आणि बुधली म्हणजे तेलाचं भांडं. आपण त्याकडे पूजेची उपकरणं म्हणून बघतो, पण ती एकेकाळच्या रात्रपाळीची अवजारं आहेत. गावगाड्यात बऱ्याच गावांत मशाल धरायचं काम न्हाव्याकडे असे. दाढी, हजामत, पाहुण्यांची उठबस आणि वर हे. मोबदला वर्षाच्या बलुत्यात धरलेला, त्यामुळे मशाल एक तास धरली काय आणि रात्रभर धरली काय, हिशोब तोच.

'टेंभा मिरवणे' हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. गंमत अशी की खरा टेंभा मिरवायचा एकाने आणि धरायचा दुसऱ्यानेच.

या मशालजीचं पुढे काय झालं तेही मजेशीर आहे, म्हणजे वाचायला मजेशीर. 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश १८८६ मध्ये निघाला. त्यात 'मसालची' शब्दाचा प्रवास दिला आहे. मूळ अर्थ मशाल धरणारा. पण साहेबांच्या घरात हळूहळू दिव्यांची झाडपूस करणारा, आणि मग स्वयंपाकघरात भांडी घासणारा हलका नोकर म्हणजे मसालची, असा अर्थ होत गेला. रस्ते बदलले, दिवे बदलले, पण त्या माणसाला कोणी वरची जागा दिली नाही. त्याचा स्किलसेट जुना झाला आणि त्याला मोरीवर बसवलं. आयटीत बसून हे वाचताना जरा कसंतरीच होतं.

आता कोणी म्हणेल, मशाल जमिनीत रोवली की झालं, माणूस कशाला? रोवायचे की. पण रोवलेली मशाल चालत नाही. शिवाय उघडा जाळ राखणीशिवाय सोडणं किती महागात पडतं हे त्या काळच्या लोकांना नीट माहीत होतं. १६७३-७४ च्या सुमाराचं शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं एक प्रसिद्ध पत्र आहे. त्यात महाराज बजावतात की रात्री दिवे तसेच राहिले तर उंदीर पेटती वात ओढून नेतील, गवताच्या गंजीला आग लागेल आणि घोडी जगणार नाहीत. एका राजाने वातीबद्दल आणि उंदराबद्दल इतकं बारकाईने लिहावं, यावरून कळतं की हलता दिवा ही किती जोखमीची गोष्ट होती. ही जोखीम सांभाळायला वजन नव्हतं. नजर होती, आणि नजर माणसाचीच असते.

मग आली गॅसबत्ती. आबांच्या "आमच्या टायमाची" नायिका.

गॅसबत्तीची गोष्ट युरोपात सुरू होते. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मँटलचं, म्हणजे बत्तीच्या जाळीचं, पेटंट घेतलं. १८९१ च्या सुमारास त्याने जाळीचं मिश्रण सुधारलं. थोरियम ऑक्साइड ९९ टक्के आणि सेरियम ऑक्साइड १ टक्का. ही राखेची जाळी तापली की पांढराशुभ्र उजेड देते. थोरियम काढायचं ते मोनाझाइट नावाच्या वाळूतून, आणि ही वाळू १९०९ मध्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावर सापडली. पहिल्या महायुद्धाआधी ती जहाजं भरभरून जर्मनीला जायची. साधारण १९१० च्या सुमारास बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कंपनीच्या माक्स ग्रेट्झने रॉकेलवर चालणारी दाबाची बत्ती आणली, तीच पेट्रोमॅक्स. म्हणजे आपल्याकडची वाळू जर्मनीला गेली आणि उजेड होऊन आपल्याच वरातीत परत आली. डिप्लॉयमेंट म्हणावी तर अशी.

बत्ती म्हणून पेट्रोमॅक्सचं डिझाइन फार शहाणपणाचं आहे. रॉकेलची टाकी खाली, जाळी वर. पंप मारून दाब द्यायचा, रॉकेलची वाफ होऊन वर जाते आणि जाळीत जळते. पाचशे कँडलपॉवरच्या बत्तीचं वजन रिकामी असताना साधारण अडीच किलो, टाकीत एक लिटर रॉकेल, आणि त्यात सुमारे आठ तास उजेड. टाकी खाली असल्यामुळे बत्ती टेबलावर ठेवली तर मुळीच डोईजड नाही. इंधन हेच तिचं वजन. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्यातला (ओगले ग्लास वर्क्स, सुरुवात १९१६) प्रभाकर कंदील ज्यांच्या घरात होता त्यांनी हेच तत्त्व बघितलंय. टाकी तळाला, काच वर. उसाच्या बैलगाडीवाल्यांची युक्ती तर त्याहून सोपी. ते कंदील गाडीच्या आसाखाली टांगायचे. खाली टांगलेली वस्तू पडणार कुठे? नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी १८८० च्या दशकात या भागात आलं, ऊस आला, पुढे कारखाने आले, आणि हंगामात रात्रीच्या रस्त्यावर गाड्यांखाली झुलणाऱ्या कंदिलांच्या रांगा आल्या. माळेगाव आणि भवानीनगरच्या रस्त्यांवर त्या रांगा लहानपणी पाहिलेले लोक अजून आहेत.

पण वरातीला टेबल चालत नाही आणि आसाखालचा कंदीलही चालत नाही. नवरदेवाचं तोंड दिसलं पाहिजे. बत्ती उंच पाहिजे आणि ती नवरदेवाबरोबर चालली पाहिजे. म्हणून ती गेली माणसाच्या डोक्यावर. डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर बत्ती, एक हात वर धरलेला.

आणि इथे पेट्रोमॅक्सचं ते शहाणं डिझाइन उलटतं. टाकी खाली असल्याने बत्तीची सावली सरळ खाली पडते. म्हणजे जो माणूस बत्ती धरतो तो तिच्या टाकीच्या सावलीत चालतो. चहूबाजूंनी झगझगाट, नवरी दिसतेय, बँड दिसतोय, नाचणारे मामा दिसतायत, आणि मधोमध काळोखाचं एक छोटं वर्तुळ, त्यात एक माणूस. दिव्याखाली अंधार ही म्हण पणतीवरून आली असेल, पण ती सर्वात खरी झाली ती गॅसबत्तीवाल्याच्या बाबतीत.

मी आबांना विचारलं, "तुमच्या लग्नात बत्त्या किती होत्या?"

"आठ. बारामतीवरनं भाड्यानं आणल्या होत्या."

"आणि धरणारे कोण होते?"

आबा बराच वेळ आठवत राहिले. बत्त्यांचं भाडं त्यांना आठवत होतं. कुठल्या बत्तीची जाळी वेशीतच फुटली तेही आठवत होतं. मग म्हणाले, "तोंडं न्हाई आठवत बाबा. पंगत उठल्यावर जेवली आसतील. दिसायची कुठं ती?"

आता जरा तांत्रिक बोलू. (ज्यांना आकडे आवडत नाहीत त्यांनी पुढचे चारपाच परिच्छेद उडवले तरी चालेल.)

माणूस हा स्टँड म्हणून फार भारी आहे. कुठल्याही कंट्रोल सिस्टिमच्या पुस्तकात उलट्या लंबकाचं उदाहरण असतं, म्हणजे तळहातावर काठी उभी धरणं. काठी मुळात अस्थिर, पण हात सतत बारीक हालचाली करून तिला उभी ठेवतो. बत्तीवाला तेच करतो. खड्डा आला, मान वळली, वारा आला, कोणी नाचताना धडकलं, की त्याचे कान, डोळे, मान, कंबर, घोटे मिळून काही क्षणात दुरुस्ती करतात. तळाला वजन लागत नाही. पण असा फीडबॅक लूप चालवायला इंधन लागतं, आणि ते बत्तीच्या टाकीतलं नसतं. रात्री दोन वाजता तो लूप मंदावतो. आणखी एक गोष्ट. एक लिटर रॉकेल म्हणजे साधारण आठशे ग्रॅम. आठ तासांत ते टाकीतून, म्हणजे बत्तीच्या तळातून, संपतं. जशी रात्र सरते तशी बत्ती हलकी होते हे खरं, पण त्याच वेळी ती अधिक डोईजडही होते. नेमका माणूस दमलेला असताना.

त्याच्या जागी निर्जीव स्टँड ठेवायचा तर काय लागेल? भावाच्या स्टँडचाच हिशोब करू. उंची सहा फूट, म्हणजे १.८ मीटर. वरचा दिवा ३ किलो, स्टँड ३ किलो. तीन पाय, प्रत्येक पाय मध्यापासून ४५ सेंटीमीटरवर टेकलेला. वाटतं की बूड चांगलं रुंद आहे. पण तिपाई पडते ती पायाच्या दिशेने नाही, तर दोन पायांच्या मधल्या फटीच्या दिशेने, आणि त्या बाजूला आधाराची रेषा मध्यापासून फक्त साडेबावीस सेंटीमीटरवर असते. बरोबर निम्मी. गुरुत्वमध्य सव्वा मीटर उंचीवर. म्हणजे स्टँड साधारण दहा अंश कलला की गेला. डोक्याजवळ आडवा पाऊण किलोचा जोर लावला की कलायला सुरुवात. पाऊण किलो! वायरीत पाय अडकला तर याच्या कितीतरी पट जोर लागतो. दिव्याचा चेहरा एक फूट बाय एक फूट धरला तर ताशी ३८ किलोमीटरच्या आसपासचा वारा हा स्टँड पाडू शकतो. आमच्याकडचा मे महिन्यातला वळीव त्यापेक्षा जोरात येतो हे बारामती-इंदापूरच्या माणसाला सांगायला नको.

आता तळाशी मधोमध १० किलोची गोणी टांगा. एकूण वजन सहाचं सोळा किलो. पाडायला लागणारा जोर पाऊण किलोवरून दोन किलोवर. गुरुत्वमध्य सव्वा मीटरवरून अर्ध्या मीटरच्या जवळ. कलण्याची मर्यादा दहावरून तेवीस अंशांवर. वाऱ्याची मर्यादा ताशी साठच्या पुढे. फुकटच्या मातीने एवढं होतं.

इथे दोन वेगळ्या गोष्टी घडतायत. किती जोर लावल्यावर स्टँड हलायला लागेल, हे फक्त वजनावर ठरतं. गोणी वर बांधली काय आणि खाली बांधली काय, उत्तर तेच. पण हलल्यावर तो परत सावरेल का, हे वजन किती खाली आहे त्यावर ठरतं. तीच दहा किलोची गोणी दांड्याच्या मध्यावर, छातीच्या उंचीला बांधली तर ढकलायला दोन किलो लागतील खरे, पण दहा अंशांवर खेळ खलास, आणि या वेळी सोळा किलो अंगावर येतील. म्हणून वजन हवं, आणि ते खाली हवं. दोन्ही.

आणखी तीन बारीक गोष्टी, अनुभवी लोक ज्या न सांगता करतात. एक, टांगलेली गोणी जमिनीला टेकता कामा नये. टेकली की तिचा भार जमीन घेते, स्टँडला काही मिळत नाही. दोन, ती झुलताही कामा नये. सुतळी आखूड ठेवायची किंवा गोणी पायाला बांधून टाकायची. तीन, गोणी एकाच पायावर ठेवली तर त्या पायाच्या बाजूला पडताना तिचा शून्य उपयोग होतो, आणि समोरच्या बाजूला पडताना तिप्पट. त्यामुळे वारा एकाच दिशेने येत असेल तर वाऱ्याकडच्या पायावर गोणी ठेवावी, तिथे दोनऐवजी साडेचार किलोचा प्रतिकार मिळतो. वळवाचा वारा मात्र फिरतो. तेव्हा गोणी मधोमधच बरी, नाहीतर तीन पायांवर तीन. सिनेमाच्या सेटवर लाइटमन मंडळी सँडबॅग घेऊन हेच करत असतात.

हे सगळं ज्ञान खरं तर दर्यावर्दी लोकांचं आहे. रिकामं गलबत पाण्यात डोईजड होतं, म्हणून तळाशी दगड किंवा वाळू भरायची. त्याला आपल्याकडे शब्दही आहे, 'नीरम'. नीरम कमी पडलं तर काय होतं याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे स्वीडनचं 'वासा' हे युद्धनौकांमधलं पांढरं हत्तीण. १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्या सफरीला निघालं आणि दीड किलोमीटरही न जाता, हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत, वाऱ्याच्या एका झोताने कललं आणि बुडालं. वर तोफा आणि कोरीवकाम भरपूर, तळाशी दगडांना जागा कमी. आणखी दगड भरले असते तर खालच्या तोफांच्या खिडक्याच पाण्याजवळ आल्या असत्या. राजाला वर मिरवायचं होतं, तळाचा विचार कोणी केला नाही.

नीरमची सगळ्यात मोठी खुबी म्हणजे ते घरून न्यावं लागत नाही. जिथे लागेल तिथे भरायचं, नको तिथे ओतून टाकायचं. हलकं की जड, हा सुरुवातीचा झगडा इथे सुटतो. स्टँड हलकाच ठेवा, बरोबर फक्त रिकामी गोणी न्या. माती सगळीकडे आहे. पाणी असेल तर वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो. ज्या भागात एका बाजूला भीमा आणि दुसऱ्या बाजूला नीरा वाहते आणि नरसिंहपूरला दोघी भेटतात, तिथे वाळूची आणि गाळाची कमी कधी नव्हती.

मग प्रश्न असा पडतो की युक्ती इतकी सोपी होती, तर शेकडो वर्षं दिव्याखाली माणूसच का? समईचा तळ जड करणाऱ्यांना हे सुचलं नसेल का?

माझं उत्तर असं आहे. सुचायचं कारणच नव्हतं. माणूस मातीपेक्षा स्वस्त होता. मातीची गोणी भरायला कष्ट पडतात, हाक मारून माणूस बोलवायला पडत नाहीत. तो बलुत्यात होता, किंवा वेठीला होता, किंवा चार आण्यांत मिळत होता. ज्याची किंमत शून्य धरली आहे त्याचा वापर कमी करायला कोणी डिझाइन करत नाही. हे तंत्रज्ञानाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं.

याचा पुरावा हवा असेल तर वीज आल्यानंतरचं बघा. गॅसबत्ती गेली, ट्यूबलाइट आल्या, झुंबरं आली. वरातीमागे जनरेटरची गाडी आली, म्हणजे चांगलं दीडदोनशे किलोचं वजन दोरीने ओढत बरोबर चालायला लागलं. दिवे त्यावर बसवता आले असते. तरी कितीतरी वर्षं दिवे माणसांच्या डोक्यावरच राहिले, दोन्ही बाजूंना रांगेने, आणि एकीच्या डोक्यावरच्या दिव्यातून दुसरीच्या डोक्यावरच्या दिव्यात वायर गेलेली. वायरीमुळे रांगेतून बाहेरही पडता येत नाही. यात बायका असायच्या, पोरंही असायची. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर सरसकट बंदी आली ती थेट २०१६ च्या दुरुस्तीने. १९८६ च्या मूळ कायद्यात ठराविक धंद्यांपुरतीच होती. आता काही वरातींत चाकांच्या ट्रॉलीवर दिवे दिसतात. ट्रॉलीच्या खालच्या फळीवर बॅटरी असते, तीच वजन. यात नवीन शोध काय लागला? काहीच नाही. माणूस थोडा महाग झाला, एवढंच.

रस्त्याच्या कामांवर, आणि वारीच्या मुक्कामांवरही, जे मोठे लाइट टॉवर येतात त्यांच्याकडे बघा. चाकांच्या गाड्यावर डिझेल जनरेटर, त्यातून उंच निघालेला दांडा, बाजूला पसरलेले चार पाय. जनरेटर हाच तळाचा भार. इंधन खाली, उजेड वर. पेट्रोमॅक्सचीच थोरली आवृत्ती, फक्त तिच्याखाली कोणाचं डोकं नाही. तुकोबांची पालखी १६८५ पासून, म्हणजे त्यांचे चिरंजीव नारायण महाराजांनी सोहळा सुरू केल्यापासून, पंढरीला जाते, आणि बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे तिचे मुक्काम आमच्या भागात पडतात. तीनशेहून जास्त वर्षं त्या मुक्कामांवर रात्री कोणीतरी उजेड धरून उभं राहिलं असणार. टाळकऱ्यांची, विणेकऱ्यांची, मानकऱ्यांची नावं दिंड्यांनी जपली. उजेड धरणाऱ्यांची यादी असली तर मला बघायला आवडेल.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण यात खरंच जीव जातात. हॅलोजनची नळी (पेटंट १९५९ चं, जनरल इलेक्ट्रिकचं) चालताना कित्येकशे अंश तापते. तो दिवा पाचटात पडला तर फड पेटतो, ओल्या वाफ्यात पडला तर करंट, आणि विहिरीच्या काठावरून पडला तर खाली उतरलेल्या माणसाच्या डोक्यावर. एलईडीने उष्णता कमी केली, पण वजन आणि वारा तेच आहेत. आणि हल्ली एक नवीनच पद्धत बघतो. स्टँड हलतोय असं दिसलं की साइटवरच्या सगळ्यात लहान पोराला सांगतात, "ए, तू धरून उभा रहा रे." तो पण दोन तास धरून उभा राहतो. कारण गोणी भरायला पाच मिनिटं लागतात आणि पोराला हाक मारायला एक सेकंद.

त्या विहिरीवर भाऊ स्टँड लावत होता तेव्हा असंच एक पोर जवळ उभं होतं, बघत. गोणी बांधून झाल्यावर भावाने त्याला पिटाळलं, "जा, झोप जा आता. तुजं काय काम न्हाई हितं." ते घराकडे निघून गेलं. मोटर वर यायला पहाटेचे तीन वाजले. मधे दोनदा वारं सुटलं, स्टँड किंचित डोलला आणि परत सरळ झाला.